चार हात पाणी

वाऱ्याने खिडकीचं दार धाडकन आपटलं आणि आईचा उजवा हात कपाळाकडे गेला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. पापणी लवते न लवते तोच हात परत मांडीवर येऊन पडला, आणि कुणा परक्या माणसाने तो तिथे विसरून ठेवल्यासारखी आई त्या हाताकडे बघत राहिली. समोर आमच्या हाखामांची, धर्मगुरूंची, बायको बसली होती. तिच्या तोंडात बदामाची वडी होती. ती चावायची थांबली, मग वडी गिळून म्हणाली, "या आम्स्टरडॅमच्या वाऱ्याला काळवेळ म्हणून नाही बाई." मी तिच्या ताटलीत आणखी दोन वड्या घातल्या. दुसरं काय करणार? चाळीस वर्षं आई या शहरात ज्यू म्हणून उजळ माथ्याने राहिली, शनिवार पाळले, दर वल्हांडणाला घरातला पावाचा कणन्‌कण शोधून जाळला, आणि एका खिडकीच्या आवाजाने लिस्बनचा क्रूस तिच्या अंगातून वर आला. आमच्यातल्या जुन्या माणसांचं होतं असं. तिकडे जन्मभर बाहेरून ख्रिस्ती आणि आतून ज्यू राहायचं, शेजाऱ्यांदेखत क्रूस काढायचा आणि मनात भलतंच पुटपुटायचं. गलबतातून उतरून कितीही वर्षं झाली तरी हाताला कुठलं कळतंय की आपण पोचलो. सगळे हसण्यावारी नेतात. हाखामांच्या बायकोनेही नेलं असतं. पण आई एकदम म्हणाली, "गास्पार, मी कोंबडा बघितला होता रे." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी शुद्धीवरच्या आवाजात, "ब्रियांदा, मला राफाला भेटायचंय." तशी हाखामांची बायको उठली. ते नाव ऐकलं असं ठरलं असतं तर तिला ते घरी सांगावं लागलं असतं. बाई मनाने बरी. "हल्ली कमीच येतं ऐकू मला," म्हणाली, शाल आवळली आणि गेली.

राफा म्हणजे रफाएल, माझा धाकटा भाऊ. पंधराएक वर्षांपूर्वी पंचांनी त्याला वाळीत टाकला. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, एका छपराखाली थांबायचं नाही, त्याच्यापासून चार हात लांब राहायचं, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. जो हे मोडील त्याचीही गत तीच. सिनेगॉगमध्ये बायकांच्या जाळीमागून मी ते सगळं ऐकलं. आई माझ्या शेजारी होती, तिने माझं मनगट असं धरलं होतं की नंतर वळ उठले. खाली पुरुषांत राफा नव्हताच. तो म्हणे त्या सकाळी कुणा डच पोराला भूमिती शिकवत होता. त्याच्या मतांपेक्षा मला याचाच राग जास्त आला. माणसाने निदान आपल्या शापाला तरी हजर राहावं. मतं काय, तर देव म्हणजे वर बसलेला राजा नव्हे. तो रागावत नाही, लोभावत नाही, कुणाला शिक्षा देत नाही, कुणाला आपलं म्हणून निवडत नाही. जे जे आहे ते सगळं मिळून तोच, आणि जे घडतं ते त्याच्यातून असं निघतं जसे त्रिकोणातून त्याचे कोन. बरं, असेल. पण हे मनात ठेवून जगता आलं नसतं? आमचे आजे-पणजे मनात एक आणि जनात एक ठेवून शंभर-सव्वाशे वर्षं जगले, पोरंबाळं वाढवली, लग्नं लावली. पंचही त्याला तेच सांगत होते, त्यातले दोघे तर वडलांचे मित्र, की बाबा रे, शनिवारी येऊन बसत जा, तोंड मिटून ठेव, मनात काय आहे ते आम्ही विचारणार नाही. राफा म्हणाला, "तेच करायचं होतं तर लिस्बन काय वाईट होतं?" वडील त्यानंतर फार जगले नाहीत. माझा नवरा जेकब, साखरेचा व्यापारी, शब्दाचा पक्का माणूस, त्याला मेहुण्याच्या पायी पंचांत कधी घेतलं नाही. या साली घेतील असं बोललं जात होतं, आणि जेकब आजकाल सिनेगॉगमधून येताना जरा सावकाश चालायला लागला होता.

आईच्या छातीत पाणी झालं होतं. वैद्य म्हणाले, बाई द्राक्षं खातील, पण या सालची शेवटचीच. त्यानंतर तिचं एकच टुमणं. राफाला एक विचारायचंय. काय ते सांग, मी निरोप पोचवते, म्हटलं तर मान हलवायची. "तुला येणार नाही ते उत्तर. जेकबला नाही, हाखामांना नाही. तुम्ही सगळी चांगली माणसं आहात." 'चांगली' हा शब्द तिने असा उच्चारला की मला लागला. मुलगी म्हणून तिचं हगणंमुतणं मी काढत होते, आणि उत्तर येणार होतं त्या दिवट्याला. रात्री उशाशी बसलं की वाटायचं, हिला काय मागायचं असेल त्याच्याकडे? माफी? की त्यानेच माफी मागावी अशी इच्छा आहे? लहानपणापासून मला आई कधी पुरती कळली नाही. तिच्या अंगात एक खोली बंदच असायची. सकाळी उठून ती आधी प्रार्थना म्हणत नसे, आधी खिडकी उघडून समोरच्या चर्चच्या शिखरावरचा वारा दाखवणारा कोंबडा बघायची. पाऊस असो, बर्फ असो. आमच्या पेठेत त्यावरून टोमणेही चालायचे. दोना फिलिपा ज्यूंची खरी, पण तिचा मुजरा पहिला चर्चला, असं. वडील वाऱ्यावर माल पाठवणारे व्यापारी, म्हणून घरात वाऱ्याची चौकशी असायचीच, मीही तेच समजत होते. पण वडील गेले, धंदा मोडला, आणि आईचं कोंबडा बघणं काही सुटलं नाही. आता अंथरुणातून उठवत नव्हतं तर मला विचारायची, "कुठे तोंड आहे त्याचं?" मी सांगायची, पूर्वेला, नैर्ऋत्येला. ऐकून डोळे मिटायची. आणि ज्या दिवशी वारा समुद्राकडून असेल त्या दिवशी तिला घास जात नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मला सुचलं ते चादरींमुळे सुचलं. दर उन्हाळ्यात घरातलं पांढरं कापड हार्लेमच्या कुरणांवर धुवायला जातं. तिथले लोक ते ताकात भिजवतात, गवतावर पसरतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी असं शुभ्र करून देतात की पांघरायला जीव होऊ नये. आमचं कापड नेतो तो हारमन नाववाला. त्याची लांबट नाव कालव्यातून जाते, काठावरच्या वाटेने एक घोडी दोराने ती ओढते. राफा त्याच कुरणांपाशी एका धोबिणीच्या माडीवर भाड्याने राहतो, हे मला हारमननेच एकदा न विचारता सांगितलं होतं. गादीवर पडल्या पडल्या एका पहाटे माझ्या डोक्यात आलं, की नाव पाण्यात असते आणि वाट काठावर. मध्ये पाणी असतं. चार हातांहून जास्तच. आणि नावेला छप्पर नको म्हटलं तर नसतं. मी हारमनला बोलावून घेतलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे तुम्ही पाण्यातून जाणार, तो काठाने चालणार, आणि तुम्ही एकमेकांना ओळखत नाही. असंच ना?" "असंच." "बाई, माझं लग्न असंच चाललंय. मी करतो बरोबर." जेकबला मी सांगितलं, आईला उघड्यावरची हवा हवी आहे, चादरींबरोबर नेऊन आणते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाण्यावर गारवा असतो. जाड पांघरूण घे." त्याने दुसरं काही विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

आईला आम्ही चादरींच्या गाठोड्यांवर निजवलं. शहर मागे पडलं, पवनचक्क्या आल्या, सपाट हिरवं रान, त्यात गाई. आईचे डोळे काठाला खिळलेले. हारमनचा मेहुणा पुढे घोडीचा लगाम धरून चालत होता, आणि एका वळणावर, विलोच्या झाडांखालून, राफा आमच्या बरोबरीने चालायला लागला. मी त्याला इतक्या वर्षांनी पाहत होते. डोक्यावरचे केस विरळ झालेले, कोट खांद्यावर लोंबत होता, पण चाल तीच, एक पाय किंचित बाहेर टाकत चालायची, वडलांची. मला भडभडून आलं आणि त्याच क्षणी त्याला चार शब्द सुनवावेसेही वाटले. आईने तोंडावर हात ठेवला. कुणी काही बोलेना. बोलायला बंदी होती आणि आम्ही सगळे ती मनापासून पाळत होतो. मग राफाने घसा साफ केला आणि पुढे दोराच्या टोकाला असलेल्या घोडीला मोठ्याने हाक मारली. "काय गं ग्रीट! नावेत आहेत त्या म्हाताऱ्या बाईंची तब्येत कशी आहे म्हणे?" घोडीने कान हलवला. आई हसली. किती दिवसांनी हसली. माझ्याकडे तोंड करून, पण पलीकडच्या गाईंनाही ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली, "ब्रियांदा, हा काठावरचा माणूस फार वाळलाय गं! याला कुणी जेवायला घालतं की नाही?" "ग्रीट," राफा म्हणाला, "बाईंना सांग, माणूस शिळ्या पावावरही जगतो. फक्त गप्पा कमी मारतो." "घोडीला म्हणावं, सुकून गेला तर देव कसा ओळखेल त्याला!" "घोडी म्हणते, देव कुणाला ओळखत बसत नाही, तो सगळ्यांतच आहे." "सगळ्यांत? हारमनमध्येपण?" सुकाणूवर बसलेला हारमन म्हणाला, "माझ्यात नाही बाई. मी कॅल्व्हिनच्या कडक पंथाचा आहे, आमच्यात परवानगी नसते." मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती, एवढी मोठी बंदी आम्ही एका घोडीच्या पाठीवर टाकून मोकळे झालो होतो.

आईने टोपलीतून एक संत्रं काढलं. आमच्याकडची संत्री तिकडून, पोर्तुगालमधून येतात, आई त्यांना नेहमी आधी नाकाशी धरते. ते तिने काठाकडे भिरकावलं. पण हातात जोर कुठला. संत्रं अर्ध्यात पाण्यात पडलं आणि तरंगायला लागलं. राफा सरळ पाण्यात उतरला, जोडे-मोज्यांसकट, गुडघ्यापर्यंत, संत्रं उचललं आणि नाव यायच्या आत मागे सरला, कारण तेवढ्यात आमच्यातलं पाणी कमी होत होतं. "चार हात!" मी ओरडले. काय म्हणून ओरडले कोण जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मी त्याचे कान धरायची तेव्हा बघायचा तसं, आणि संत्रं सालीसकट चावत चालू लागला. जोडे पचपच वाजत होते. पुढे पहिला पूल आला तेव्हा तो वरून गेला आणि आम्ही खालून. कारण पुलाखाली सगळे एकदम असतो तर ते एक छप्पर झालं असतं. पलीकडे निघाल्यावर तो घोडीला म्हणाला, "ग्रीट, पूल हे छप्पर धरायचं की नाही यावर आमच्या जुन्या लोकांनी बराच काथ्याकूट केलाय. बहुतेक धरायचं." सगळ्या शाळेत हे शास्त्र त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं. म्हणूनच तर सगळ्यांना इतकं लागलं होतं.

मग आई माझ्याशी बोलायला लागली, आणि या वेळी ती खरोखर माझ्याशीच बोलत होती की काय असं मला वाटलं. आवाज मात्र काठापर्यंत जाईल असाच होता. "तुला आठवणार नाही. आपल्यात तिकडे एक रीत होती. जो देश सोडून पळणार तो मागे राहणाऱ्यांना आपलं नाव देऊन जायचा. चर्चच्या त्या इन्क्विझिशनवाल्यांनी धरलं की नाव दिल्याशिवाय सुटका नसे. कोण चोरून उपास करतो, कोण डुक्कर खात नाही, सांग. मग पळून गेलेल्याचं नाव सांगायचं. तो समुद्रापार गेलेला. त्याचा ते पेंढ्याचा पुतळा करायचे आणि चौकात तो जाळायचे. पेंढा जळायचा, माणूस वाचायचा. गास्पार माझा भाऊ. तो म्हणाला, फिलिपा, मी परवा गलबतावर चढतो, तोवर दम काढ, मग खुशाल माझं नाव घे, माझ्या मिशीसकट घे. चौथ्या दिवशी ते आले आणि मला घेऊन गेले. तू पाच वर्षांची, राफा पोटात. खोलीत एक खिडकी होती. तिच्यातून चर्चचा कोंबडा दिसत होता." दोर पाण्याला लागून थेंब गाळत होता. "त्याचं तोंड समुद्राकडे होतं. समुद्राकडून वारा असला की त्या नदीतून गलबत बाहेर पडत नाही. लिस्बनचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे गास्पार गेला नव्हता. तिथंच होता, नदीत, वारा फिरायची वाट बघत. मी कोंबडा बघितला. मग त्यांच्याकडे बघितलं. आणि म्हटलं, गास्पार." मी तिच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं. "संध्याकाळी मला घरी सोडलं. त्याला गलबतावरून उतरवला. त्या साली पेंढा लागला नाही."

चाळीस वर्षं सकाळी खिडकी उघडून ती काय बघत होती ते मला तेव्हा कळलं. मी तिचा हात धरला, तो गार होता. मला तिची दया आली असं म्हणायला हवं, पण पहिल्यांदा आली ती भीती. माझ्यासाठी केलं होतं तिने ते. माझ्यासाठी आणि काठावर ओल्या जोड्यांनी चालणाऱ्या त्या माणसासाठी, आणि आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. लिस्बनचं मला काही आठवत नाही. फक्त एक आठवतं, एका पुरुषाच्या खांद्यावर बसून मी सुकत घातलेले मासे बघत होते आणि त्याच्या मिशा माझ्या पायाला टोचत होत्या. ते वडील नव्हते. वडलांना मिशा नव्हत्या. राफाने पुन्हा घोडीचाच आधार घेतला, पण आवाज बदलला होता. "ग्रीट, त्या दिवशी वारा समुद्राकडून का आला, हे कुणी शोधलं तर सापडेल. ती बाई का घाबरली तेही सापडेल. दाराबाहेर उभी असलेली ती माणसं, घरी एक पोरगी, पोटात एक. यातलं काहीही जागचं हलव आणि मग म्हण, तिने गप्प बसायला हवं होतं. पण हलवणार कसं? जे होतं त्यातून ते निघालं. वर बसून कुणी..." "राफा," आई म्हणाली.

तिने त्याचं नाव घेतलं होतं. सरळ, त्याच्याकडे बघून. हारमनने मान दुसरीकडे फिरवली. "राफा, मला वकील नको. घोडीही नको. मी काय केलं ते मला ठाऊक आहे, त्याचं वजन कमी करून मागायला मी आले नाही. मला एकच सांग. मेल्यावर गास्पार मला भेटेल का? हाखाम म्हणतात भेटेल, तिथे सगळे भेटतात. पण ते बिचारे म्हातारीला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असतील. तू खोटं बोलत नाहीस. एवढ्यासाठी घर गेलं तुझं, बाप गेला. मग तूच सांग. भेटेल?" आणि पूल आला. घोडी वळली, दोर सुटला, राफा चढणीला लागला आणि नाव आपल्या वेगाने पुलाखाली शिरली.

खाली अंधार होता आणि दगडांना शेवाळाचा वास. वर त्याची पावलं वाजत होती, पचपच, मधेच थांबली, पुन्हा वाजली. आईचा श्वास घरघरत होता. मी मनात म्हणत होते, बोल मेल्या, एकदा खोटं बोल. तुझं काय जातं? तुझं तत्त्व काय तुझ्या आईच्या अंगापेक्षा मोठं आहे? म्हण, भेटेल. म्हण, तो तिला पोटाशी धरेल. दोन अक्षरं कमीजास्त झाली तर तुझा त्रिकोण मोडत नाही. आणि त्याच वेळी मला पुरतं ठाऊक होतं की तो बोलणार नाही. मला वाटलं, हा पूल संपूच नये. इथेच राहावं आम्ही, या छपराखाली, त्याचं उत्तर यायच्या आधीच्या जागेत. पण नाव चालतच असते. उजेड आला तेव्हा राफा आमच्याआधी खाली उतरून पाण्याच्या अगदी काठाशी उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो म्हणाला, "नाही, आई."

वल्हं हाताशी असतं तर मी त्याच्या डोक्यात घातलं असतं. आईचे डोळे त्याच्यावरच होते. मग अगदी सावकाश, शब्द पडताळून बघितल्यासारखी, ती म्हणाली, "म्हणजे तो माझी वाटही बघत नसेल."

"नाही."

"कुठेच?"

"कुठेच नाही, आई."

तिने इतका लांब श्वास सोडला की मी घाबरून तिच्यावर वाकले. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं, जे मी माझ्या जन्मात कधी सैल पाहिलं नव्हतं. "मला वाटायचं," ती म्हणाली, "दारातच उभा असेल. मी गेले रे गेले की पहिला तोच दिसेल. काही बोलणार नाही. नुसता बघेल." तिने डोळे पुसले. "ब्रियांदा, तो मासा आणलायस ना, व्हिनेगरमधला? दे. भूक लागली." आणि तिने खाल्लं, काटे काढून, बोटं चाटत, काठावरून चालणाऱ्या आपल्या मुलाकडे बघत. तो रडत होता, तोंड न झाकता, लहान मुलासारखा.

द्राक्षं बाजारात आली तेव्हा आई गेली. शेवटचे आठवडे तिने मला कोंबड्याचं तोंड कुठे आहे ते विचारलं नाही. ज्या दिवशी गेली त्या दिवशी वारा समुद्राकडून होता आणि खिडकी उघडी होती. आमच्यात बायका दफनाला जात नाहीत. प्रेत आम्स्टल नदीतून होडीने आउदरकेर्कच्या दफनभूमीत नेतात, मी धक्क्यावर उभी राहून होडी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. संध्याकाळी जेकब परत आला, जोडे काढले, आरसे झाकलेल्या खोलीत माझ्याशेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, "पलीकडच्या काठाने कुणीतरी चालत होतं. सगळी वाट." मी त्याच्याकडे पाहिलं. "नदी तिथे रुंद आहे," जेकब म्हणाला, "मला काही दिसलं नाही." आणि त्याने आपल्या हाताने माझ्या तोंडात सुतकाच्या उकडलेल्या अंड्याचा तुकडा घातला. मला तेव्हा रडू आलं, आईसाठी आलं की त्याच्यासाठी ते सांगता येणार नाही.

सुतक फिटल्यावर मी चादरी आणायला गेले. या वेळी गाठोडी येताना मिळणार होती, जाताना नाव रिकामी, मी एकटी आणि एक टोपली. हारमनने सांगितलं की धोबीण लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, माडीच्या धुराड्यातून आठवडाभर धूर दिसला नाही. विलोची पानं पिवळी झाली होती. राफा त्याच वळणावर आला आणि बरोबरीने चालू लागला. आम्ही बोललो नाही. घोडीलाही तो काही म्हणाला नाही. माझ्या मनात एक प्रश्न तयार होता, तो मी घरून घेऊन निघाले होते. आईला त्याने मोकळं केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याचं म्हणणं खरं असेल तर आता आईही कुणाची वाट बघत नाही. माझीही नाही. मी काही कुणाचं नाव दिलेलं नाही. मला तिने दारात उभं राहायला हवं होतं. मनगट धरायला हवं होतं, वळ उठेपर्यंत. जिच्यासाठी ते 'नाही' अमृत झालं ती गेली, आणि मागे राहिलेल्या मला ते रोज गिळावं लागत होतं. राफा, ती मला भेटेल का? एवढंच विचारायचं होतं.

तो पूल आला. राफा वर चढला, मी खाली शिरले. अंधारात शेवाळाचा वास तोच होता. त्याची पावलं आता कोरडी वाजत होती. मी माझा प्रश्न तोंडाशी आणला आणि मला कळलं, की तो खोटं बोलणार नाही, आणि आईला हवं होतं ते उत्तर मला नकोय. उजेड आला तेव्हा तो काठाशी उभा होता. माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "ताई, काय विचारणार होतीस?"

"जेवलास का?" मी म्हटलं.

त्याच्या गालांची हाडं वर आली होती, ओठ सुकले होते, कोटाचं बटण गळ्याशी दोन बोटं सैल होतं. "जेवलो की," तो म्हणाला. "चांगला पोटभर जेवलो."

राफा खोटं बोलला. पंचांपुढे नाही, वडलांपुढे नाही, मरणाऱ्या आईपुढे नाही. माझ्यापुढे बोलला, मला घोर नको म्हणून, आणि तेही इतकं वाईट बोलला की पाच वर्षांचं पोर ओळखेल. म्हणजे याला येतं. याला सगळं येतं. मी जेकबचा विचार केला, जाळीमागच्या बायकांचा केला, आणि टोपली उचलली.

"हारमन, नाव काठाला घे."

"इथे धक्का नाही बाई. पाय भिजतील."

"भिजू देत," मी म्हटलं.